फ्लेवर्ड वॉटर: आरोग्याच्या कसोटीवर चवीचे पाणी

फ्लेवर्ड वॉटर या एका नावाखाली दुकानात किमान चार वेगळी पेये विकली जातात. एका बाटलीत पाणी आणि वासाचा अर्क एवढेच असते. दुसरीत त्यावर साखर असते. तिसरीत साखरेच्या जागी सुक्रालोज किंवा स्टीव्हियासारखा स्वीटनर येतो. चौथीत जीवनसत्त्वे, क्षार किंवा इलेक्ट्रोलाइट यांची भर घातलेली असते. यांपैकी कोणत्याही बाटलीत वायू भरलेला असू शकतो. बाटली पारदर्शक आणि लेबलावर लिंबाची फोड किंवा पुदिन्याचे पान असल्याने वरून फरक कळत नाही. हे पेय आरोग्याला चांगले का, या प्रश्नावर आहारतज्ज्ञ, दंतवैद्य आणि कंपन्या वेगवेगळे बोलतात. त्यातला बराचसा मतभेद खरा नसतो, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळी बाटली असते. उरलेला मतभेद मात्र खरा आहे आणि अजून मिटलेला नाही.

परंपरा आणि बाजार

पाण्याला वास लावून पिणे महाराष्ट्राला नवे नाही. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी सोडतात, कुठे मोगऱ्याची चार फुले टाकतात. आयुर्वेदात तापातल्या तहानेसाठी षडंगोदक सांगितले आहे. नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, उदीच्य आणि सुंठ घालून उकळलेले ते पाणी. केरळातल्या खाणावळींत पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाने गुलाबी झालेले पाणी आजही जेवणाबरोबर येते. या सर्वांत साखर नाही, आंबटपणा नाही, आणि ती पाणी म्हणूनच, म्हणजे दिवसभर, प्यायली जातात. पन्हे, कोकम सरबत, लिंबू सरबत यांची जात वेगळी. ती गोड पेये आहेत आणि ती ग्लासाच्या मापाने, पाहुण्याला किंवा उन्हातून आलेल्या माणसाला दिली जात. घरात या दोहोंची कधी गल्लत होत नसे. बाजारात ती झाली.

बाजारी पेयाचा उगम दोन वेगळ्या धंद्यांत आहे. जोसेफ प्रीस्टली याने 1767 मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळवून दाखवला. 1783 मध्ये याकोब श्वेप याने जिनिव्हात सोड्याचा व्यवसाय सुरू केला. मुंबईत पालनजींचा कारखाना 1865 मध्ये आणि ड्यूक्सचा 1889 मध्ये निघाला, पुण्यात अर्देशीर 1884 मध्ये. रास्पबेरी, जिंजर, लेमन ही या पारशी घराण्यांची ओळख. सोड्याला चव आणि साखर देण्याचा हा एक धंदा झाला. दुसरा धंदा साध्या बाटलीबंद पाण्याचा. भारतात तो 1965 मध्ये मुंबईत बिस्लेरीने सुरू केला. फ्लेवर्ड वॉटर या दोहोंच्या मध्ये उभे राहिले. कोला पिणे कमी करू पाहणाऱ्या, पण साध्या पाण्याला कंटाळलेल्या ग्राहकासाठी ते होते. त्यात पैसा किती आहे हे 2007 मध्ये दिसले. त्या वर्षी कोका-कोलाने व्हिटॅमिनवॉटर बनवणारी ग्लासो ही अमेरिकी कंपनी सुमारे 4.1 अब्ज डॉलरला विकत घेतली.

तहान भागते का

या मुद्द्यावर फारसा वाद नाही. चव घातल्याने पाण्याचे पाणीपण जात नाही. वेगवेगळी 13 पेये प्यायल्यावर शरीरात किती पाणी टिकते, हे मोजणारा एक ब्रिटिश अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वायुयुक्त पाणी आणि साधे पाणी यांत फरक आढळला नाही. जास्त टिकले ते दूध आणि जलसंजीवनी. वायुयुक्त पाण्याने हाडे ठिसूळ होतात, ही समजूत अमेरिकेतील एका जुन्या पाहणीवर उभी आहे. पण त्या पाहणीत स्त्रियांच्या हाडांची कमी घनता कोलाशी जोडलेली दिसली, इतर वायुयुक्त पेयांशी नाही.

चवीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मुलांवरच्या प्रयोगातून येतो. कॅनडातील विल्क आणि बार-ऑर यांनी 1996 मध्ये 9 ते 12 वर्षांच्या मुलग्यांना गरम खोलीत व्यायाम करायला लावला आणि हवे तेवढे पिऊ दिले. साध्या पाण्यावर मुलांची तूट भरून निघत नव्हती. त्याच पाण्याला द्राक्षाची चव दिली तेव्हा ते सुमारे 45 टक्के जास्त प्यायले. म्हाताऱ्या माणसांत तहानेची जाणीव मंदावते, आजारपणात पाणी कडू लागते. तिथेही चव औषधासारखे काम करू शकते. मात्र या लाभाला एक अट आहे. माणूस मुळात कमी पाणी पीत असेल तरच तो लाभ. पुरेसे पाणी पिणाऱ्याच्या बाबतीत चव शरीराला काही देत नाही, फक्त जिभेला देते.

साखरेचा हिशेब

साखर घातलेल्या प्रकाराबद्दल तज्ज्ञांत एकमत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितले की मोकळ्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी, जमल्यास 5 टक्क्यांपेक्षाही कमी. मोकळी साखर म्हणजे वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांच्या रसातली साखर. 2000 किलोकॅलरीच्या आहारात ही मर्यादा 50 ग्रॅम आणि 25 ग्रॅम होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेनेही 25 ग्रॅमचाच आकडा धरला आहे. देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे आयसीएमआर-इंडियाब पाहणीने 2023 मध्ये दाखवले. ते लक्षात घेता हा आकडा कडक म्हणता येणार नाही.

आता एखादी बाटली डोळ्यांसमोर आणावी. लेबलावर 100 मिलिलिटरला 4.5 ग्रॅम साखर लिहिली आहे. कोलात साधारण 10 ते 11 ग्रॅम असते, त्यामुळे हा आकडा निम्म्याहून कमी आणि म्हणून निरुपद्रवी वाटतो. पण बाटली 500 मिलिलिटरची आहे आणि ती एकाच माणसाने संपवायची आहे. साखर झाली साडेबावीस ग्रॅम, म्हणजे पाच-साडेपाच चमचे. दिवसाची 25 ग्रॅमची मर्यादा जवळजवळ संपली, आणि पिणाऱ्याच्या लेखी तो नुसते पाणी प्यायला. द्रवातून आलेली ऊर्जा घन अन्नाइतकी पोट भरल्याची जाणीव देत नाही, त्यामुळे पुढचे जेवण त्या मानाने कमी होत नाही. व्हिटॅमिनवॉटरच्या 591 मिलिलिटरच्या बाटलीत पूर्वी सुमारे 32 ग्रॅम साखर असे. अमेरिकेतील सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट या ग्राहकहितवादी संस्थेने 2009 मध्ये या पेयाच्या आरोग्यविषयक दाव्यांवर खटला भरला. तो पुढे तडजोडीने मिटला.

दुसरी बाजू एवढीच, की रोज कोला पिणारा माणूस त्याऐवजी कमी साखरेच्या फ्लेवर्ड वॉटरवर आला तर त्याची साखर खरोखर घटते. हा युक्तिवाद कंपन्या करतात आणि तो चुकीचा नाही. फक्त तो कोलाशी तुलना करतो, आणि बाटलीवर शब्द छापलेला असतो तो पाण्याचा.

साखरेऐवजी स्वीटनर

खरा वाद इथे आहे.

स्वीटनरच्या बाजूने बोलणारे नियंत्रित चाचण्यांकडे बोट दाखवतात. नेदरलँड्समधील 641 मुलांवरची चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्या मुलांना रोज 250 मिलिलिटर साखरेचे पेय आणि अर्ध्यांना तसेच दिसणारे, तसेच लागणारे बिनसाखरेचे पेय 18 महिने देण्यात आले. बिनसाखरेच्या गटात वजनवाढ सरासरी सुमारे एक किलोने कमी झाली. कोणाला काय मिळते हे मुलांना माहीत नव्हते, म्हणून या निष्कर्षाचे वजन मोठे. त्याच वर्षीच्या एका अमेरिकी चाचणीत साखरेच्या पेयाऐवजी पाणी किंवा डाएट पेय घेणाऱ्या प्रौढांचे वजन सहा महिन्यांत दोन ते अडीच टक्क्यांनी उतरले.

विरोधी बाजू दीर्घकालीन निरीक्षणांवर उभी आहे. वर्षानुवर्षे स्वीटनर घेणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये वजन ताब्यात ठेवण्यासाठी स्वीटनर वापरू नयेत असा सल्ला दिला, पण तो सशर्त ठेवला. त्यामागचे कारण सरळ आहे. ज्यांचे वजन किंवा साखर आधीच वाढलेली असते तेच लोक डाएट पेयांकडे वळतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे निरीक्षणातून वेगळे काढता येत नाही. मधुमेह आधीपासून असलेल्यांना हा सल्ला लागू नाही, हेही संघटनेने स्पष्ट केले होते. बातम्यांत ते वाक्य बहुधा गळाले.

तिसरी बाजू शरीरक्रियेची. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या गटाने 2014 मध्ये उंदरांवर आणि 2022 मध्ये 120 निरोगी प्रौढांवर केलेल्या प्रयोगांतून निष्कर्ष काढला, की सॅकरिन आणि सुक्रालोज आतड्यातील जिवाणूंवर आणि काहींच्या रक्तशर्करेच्या प्रतिसादावर परिणाम करतात. हा परिणाम माणसागणिक बदलत होता. अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकच्या संशोधकांनी 2023 मध्ये रक्तातील एरिथ्रिटॉलची जास्त पातळी आणि हृदयविकाराचा झटका यांचा संबंध दाखवला. त्यावर आक्षेप असा, की एरिथ्रिटॉल शरीर स्वतःही तयार करते, त्यामुळे रक्तात सापडलेले सगळे पेयातून आले असे धरता येत नाही.

अस्पार्टेमची गोष्ट निष्कारण गुंतागुंतीची झाली. जुलै 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या 2बी गटात टाकले. त्याच दिवशी अन्नमिश्रकांच्या तज्ज्ञ समितीने रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलोमागे 40 मिलिग्रॅम अशी कायम ठेवली. पहिली संस्था धोका संभवतो का एवढेच पाहते, दुसरी किती प्रमाणात संभवतो ते पाहते. 70 किलोच्या माणसाला ही मर्यादा ओलांडायला डाएट पेयाचे 9 ते 14 कॅन एका दिवसात लागतील. फेनिलकीटोनयुरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना मात्र अस्पार्टेम टाळावेच लागते, आणि तशी सूचना बाटलीवर असते.

गोडाची सवय हा आणखी एक मुद्दा. कॅलरी नसली तरी जीभ गोडाला चटावलेली राहते, असे अनेक आहारतज्ज्ञ मानतात. बोस्टनमध्ये 203 प्रौढांवर वर्षभर झालेली चाचणी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात बिनगोड पेये घेणाऱ्यांची गोडाची आवड खरोखर उतरली. उलट नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या गटाने 180 जणांना सहा महिने कमी, मध्यम किंवा जास्त गोड आहार दिला, तेव्हा आवडीत फरक पडला नाही. तो निष्कर्ष 2025 मध्ये समोर आला. दोन्ही चाचण्या नीट केलेल्या आहेत. पहिली फक्त पेयांची, दुसरी संपूर्ण आहाराची. फरकाचे कारण त्यात दडलेले असू शकते.

आम्ल आणि दात

या पेयाच्या चर्चेत साखर पुढे असते आणि दात मागे राहतात. वास्तविक साखर आणि स्वीटनर दोन्ही नसलेल्या बाटलीवरही जो आक्षेप टिकतो तो दंतवैद्यांचाच आहे.

फळाची चव नुसत्या वासाने येत नाही, तिला आंबटपणा लागतो. म्हणून लेबलावर आयएनएस 330 हा अन्नमिश्रकाचा क्रमांक, म्हणजे सायट्रिक आम्ल, बहुधा सापडतो. दातांवरचे इनॅमल सुमारे 5.5 पेक्षा कमी सामूच्या (पीएच) द्रवात विरघळू लागते. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी 2007 मध्ये फ्लेवर्ड स्पार्कलिंग वॉटर तपासले तेव्हा सामू 2.74 ते 3.34 निघाला. प्रयोगशाळेत त्या पाण्यांनी दातांचे खनिज संत्र्याच्या रसाइतके, काहींनी त्याहून जास्त, विरघळवले. संत्र्याचा रस दात झिजवतो हे सर्वमान्य असल्याने संशोधकांचे म्हणणे असे, की या पेयांना पाण्याच्या रांगेत बसवू नये. साध्या सोड्याची स्थिती वेगळी आहे. नुसत्या कार्बन डायऑक्साइडचे आम्ल दुर्बळ, त्याने होणारी झीज शीतपेयांच्या तुलनेत नगण्य.

यावर उत्तर असे दिले जाते, की प्रयोगशाळेत दात द्रवात बुडवून ठेवतात, तोंडात मात्र लाळ असते. ती आम्ल पातळ करते आणि खनिजे परत देते. हे खरे आहे, पण त्यासाठी लाळेला वेळ मिळावा लागतो. जेवणाबरोबर एक ग्लास पिऊन टाकला तर तो मिळतो. ऑफिसच्या टेबलावर बाटली ठेवून दर दहा मिनिटांनी घोट घेणाऱ्याला तो मिळत नाही, आणि फ्लेवर्ड वॉटर पिण्याची रीत नेमकी ही आहे. घरचे लिंबूपाणी आणि कोकमाचे पाणी यांनाही हा न्याय लागू आहे, बाटलीवरच राग धरण्याचे कारण नाही. स्ट्रॉ वापरणे, प्यायल्यावर साध्या पाण्याची चूळ भरणे आणि लगेच दात न घासणे एवढ्याने झीज बरीच टळते.

जीवनसत्त्वे, नैसर्गिक चव, डिटॉक्स

जीवनसत्त्वांच्या भरीबद्दल थोडक्यात आटोपता येईल. पाण्यात विरघळणारी ब आणि क ही जीवनसत्त्वे गरजेपेक्षा जास्त झाली की बहुतांश लघवीवाटे जातात. ज्याला खरी कमतरता आहे त्याला डॉक्टरने दिलेली गोळी जास्त खात्रीची. इलेक्ट्रोलाइटचा उपयोग तासन्तास घाम गाळणाऱ्याला आहे, खुर्चीत बसणाऱ्याला नाही.

'नैसर्गिक फ्लेवर' हा शब्द उगमाबद्दल सांगतो, परिणामाबद्दल नाही. अमेरिकेत लाक्रॉय या लोकप्रिय वायुयुक्त पाण्यावर 2018 मध्ये दावा झाला. त्यातले लिमोनिन आणि लिनालूल कृत्रिम असल्याचा आरोप होता. 2020 मध्ये तो दावा मागे घेतला गेला. हे दोन्ही रेणू लिंबूवर्गीय फळांच्या सालीत आणि मसाल्याच्या वनस्पतींत सापडतात, आणि पेयात ते अत्यल्प असतात. याहून विचारात घेण्याजोगी जोडी सोडियम बेंझोएट आणि क जीवनसत्त्वाची आहे. ऊन आणि उष्णता मिळाली तर त्यांच्यातून सूक्ष्म प्रमाणात बेंझीन तयार होऊ शकते. 2006 च्या सुमारास हा प्रश्न गाजल्यावर कंपन्यांनी बऱ्याच पेयांची घडण बदलली. टपरीबाहेर उन्हात रचलेल्या क्रेट मात्र भारतात आजही दिसतात.

काकडी, लिंबू, पुदिना घातलेल्या 'डिटॉक्स वॉटर'मुळे शरीरातील विषद्रव्ये निघतात या दाव्याला आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. अर्ध्या लिंबाच्या रसातून सहा-आठ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते, आणि प्रौढ पुरुषाची रोजची गरज आयसीएमआरनुसार 80 मिलिग्रॅम आहे. नुसत्या फोडी भिजवल्या तर त्याहूनही कमी उतरते. तरीही घरी केलेले असे पाणी या सगळ्यात सर्वांत निर्धोक, कारण त्यात साखर किती आणि आंबट किती हे करणाऱ्याच्या हातात असते. जपायचे ते स्वच्छतेला. चिरलेली फळे उन्हाळ्यात तासन्तास बाहेर ठेवू नयेत. रस्त्यावरच्या सरबतात तर चवीपेक्षा बर्फाचा प्रश्न मोठा. खाण्यायोग्य नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये त्याला निळा रंग देण्याची सक्ती केली.

लेबल, कायदा आणि कर

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या दाव्यांविषयीच्या नियमांनुसार पेयात 100 मिलिलिटरला अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर नसेल तरच 'शुगर फ्री' म्हणता येते. 'लो शुगर'साठी मर्यादा अडीच ग्रॅम. त्यामुळे पुढच्या बाजूच्या फळाच्या चित्रापेक्षा मागचा तक्ता जास्त सांगतो. आयएनएस 955 म्हणजे सुक्रालोज, 960 म्हणजे स्टीव्हिया, 951 म्हणजे अस्पार्टेम, 211 म्हणजे सोडियम बेंझोएट.

एप्रिल 2024 मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स संकेतस्थळांना पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरात विकू नयेत असे कळवले, कारण कायद्यात अशी व्याख्याच नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये, हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात 'ओआरएस', म्हणजे जलसंजीवनी, हा शब्द वापरण्यास मनाई झाली. त्या सूत्रात लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते, बाजारी पेयांत साखर त्याच्या कितीतरी पट होती. जुलाब झालेल्या मुलाला इलेक्ट्रोलाइट घातलेले गोड पाणी पाजणे ही चवीची बाब राहत नाही.

कराच्या बाबतीत भारत आणि ब्रिटन वेगळ्या वाटांनी गेले आहेत. ब्रिटनमध्ये एप्रिल 2018 पासून साखरेच्या प्रमाणावर पायऱ्यांनी कर लागतो, आणि बिनसाखरेचे चवीचे पाणी त्यातून सुटते. भारतात 22 सप्टेंबर 2025 पासून साखर, इतर गोड पदार्थ किंवा फ्लेवर घातलेले पाणी 40 टक्के जीएसटीच्या टप्प्यात आहे, तर साधे बाटलीबंद पाणी 5 टक्क्यांत. म्हणजे पुदिन्याचा नुसता वास असलेले पाणी आणि कोला यांना एकच दर. समर्थक म्हणतात की रेषा सोपी असली की पळवाटा राहत नाहीत. टीकाकार म्हणतात की साखर काढून टाकायला कंपनीला काहीच कारण उरत नाही. आरोग्याच्या बाजूने पाहिले तर दुसऱ्या म्हणण्यात जास्त तथ्य दिसते.

काय अनिर्णीत आहे

आजचा बहुतेक पुरावा कोला, डाएट कोला आणि फळांचे रस यांच्या अभ्यासातून घेतलेला आहे. गोडवा नसलेल्या फ्लेवर्ड पाण्याच्या दीर्घकाळच्या वापराबद्दलची विधाने त्यावरून बांधलेली आहेत. स्वीटनर सगळे एका मापाने मोजावेत की प्रत्येकाचा वेगळा विचार करावा, हेही ठरलेले नाही. लहान मुलांबाबत सावधगिरीकडे कल आहे. अमेरिकेतील आहारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, बालदंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ यांच्या संघटनांच्या एकत्रित शिफारशीने 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांना साखरेची आणि स्वीटनरची दोन्ही पेये नकोत, मुख्यतः साधे पाणी आणि दूध द्यावे असे म्हटले. प्लास्टिकच्या बाटलीचा प्रश्न तर चवीपलीकडचा आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2024 मध्ये बाटलीबंद पाण्यात लिटरला सरासरी सुमारे 2,40,000 प्लास्टिक कण मोजले. त्यांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो हे अजून उलगडलेले नाही.

भारतात पाकिटाच्या दर्शनी भागावर पोषणाचा इशारा छापण्याचा निर्णयही लांबलेला आहे. प्राधिकरणाने सप्टेंबर 2022 मध्ये ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा मांडला. आरोग्य संघटनांना तारे नकोत, 'साखर जास्त' असा थेट इशारा हवा आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये हा प्रश्न निकाली काढण्यासाठी तीन महिन्यांची मुदत घालून दिली. फ्लेवर्ड वॉटरच्या बाबतीत या वादातला कळीचा मुद्दा मापाचा आहे. 100 मिलिलिटरच्या मापाने जे पेय सौम्य ठरते, तेच पूर्ण बाटलीच्या मापाने दिवसाच्या साखरेच्या मर्यादेला जाऊन भिडते.